टेकडीवरच्या चार तोफा

छत्रपती संभाजीनगरला लोक वेरूळ-अजिंठ्यासाठी जातात. मी या वेळी गेलो ते लढाई करायला. पाच बाय आठ फुटांच्या टेबलावर, इंचभर उंचीच्या शिशाच्या शिपायांची, युरोपातल्या अठराव्या शतकातली लढाई. त्यामुळे लेण्यांची माहिती हवी असणाऱ्यांनी हा लेख इथंच सोडला तरी चालेल.

जायचं ठरलं ते नसीमभाभींच्या फोनमुळे. भाभी म्हणजे माझे मित्र हमीदभाई यांच्या पत्नी. "भाईसाब, आना है तो अब आइए," त्या म्हणाल्या. "सोमवारी टेबलाची खोली रिकामी करतोय. यांना सांभाळायला बाई ठेवलीय, तिला राहायला जागा नको का?" हमीदभाईंची स्मृती दोन वर्षांपासून जात चालली होती, हे मला माहीत होतं. माहीत असूनही गेलो नव्हतो. सहा वर्षांत एकदाही नाही. शनिवारचं तिकीट काढलं.

पुण्यात वाकडेवाडीहून एसटीची इलेक्ट्रिक बस मिळते. पासष्ट ओलांडलेल्यांना अर्धं तिकीट, आधारकार्ड मात्र हातात ठेवा. सकाळी सहाची गाडी घेतली तर शिरूरपर्यंत रस्ता मोकळा मिळतो. अहिल्यानगरच्या पुढे चहाला गाडी थांबते. तिथली मिसळ नुसती तिखट आहे, चहावर भागवा. नेवासा फाटा मागे पडला की प्रवरासंगमचा पूल येतो आणि गोदावरीचं पाणी दोन्ही बाजूंना पसरलेलं दिसतं. एकेकाळी इथं आलो की मी पिशवीतून वही काढायचो आणि घोडदळ कुठं ठेवायचं ते आखायला लागायचो. या वेळीही वही होती. काढली नाही. वाळूजला नेहमीप्रमाणे अर्धा तास गेला आणि बारा वाजता मध्यवर्ती बसस्थानकावर उतरलो. समोरच्या गल्लीत साध्या लॉजच्या खोल्या मिळतात. गरम पाणी आठपर्यंतच, हे आधी विचारून घ्या.

या खेळाबद्दल थोडं सांगायला हवं.

चाळीसेक वर्षांपूर्वी मी या शहरात एका दैनिकात उपसंपादक होतो. हमीदभाई शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांचे मामू बिदरीचे कारागीर, त्यामुळे धातू वितळवून साच्यात ओतायचं काम ते लहानपणीच शिकलेले. छावणीतल्या कुणा अधिकाऱ्याची रद्दी जुन्या बाजारात आली, तिच्यात त्यांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. सात वर्षांच्या युद्धातल्या फौजा, त्यांचे पोशाख, रांगा, तोफा. ते वाचून त्यांनी प्लास्टरचे साचे केले आणि शिसं ओतायला सुरुवात केली. आठशे शिपाई झाले. शाळेनं टाकून दिलेले दोन फळे जोडून हिरवा रंग दिला, ते रणांगण. हिमरू कापडाच्या कतरणांची शेतं, भांडी घासायच्या स्पंजची झाडं.

एकच गोची झाली. पुस्तकातली चित्रं काळी-पांढरी होती. ऑस्ट्रियाचे लोक पांढऱ्या कोटात आणि प्रशियाचे निळ्या, एवढं मजकुरातून कळलं; पण कॉलर आणि बाह्यांचा रंग प्रत्येक पलटणीचा वेगळा असतो. तो हमीदभाईंनी भाभींच्या ओढण्या बघून ठरवला. त्यामुळे आमच्याकडे ऑस्ट्रियाची एक पलटण पोपटी बाह्यांची आहे आणि एक राणी रंगाची. पुढे त्यांच्या मुलीनं मोबाइलवर खरे रंग दाखवले. मी म्हटलं, बदलायचे का? तर म्हणाले, "एडिटरसाहेब, या रंगात ते चाळीस वेळा मेलेत. आता कपडे बदला म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?"

मी कधीच एडिटर नव्हतो. ते त्यांनी मला आयुष्यभर चिडवायला ठेवलेलं नाव.

मराठ्यांच्या नाहीतर निजामाच्या लढाया का नाही, असं लोक विचारायचे. असईचं रणांगण इथून काही लांब नाही. हमीदभाईंचं उत्तर ठरलेलं होतं, "तिथं माणूस टेबलाशी यायच्या आधीच बाजू घेऊन येतो. या गोऱ्यांच्या भांडणात आपलं कुणीच नाही. डोकं थंड राहतं."

आमचे पंच फुलंब्रीचे बाबूराव, निवृत्त तलाठी. ते खेळत नाहीत, पण त्यांच्याशिवाय खेळ होत नाही, कारण आमचा खेळ चिठ्ठ्यांवर चालतो. सेनापतीनं कागदावर हुकूम लिहायचा, घडी घालून बाबूरावांकडे द्यायचा. हुकूम घोडेस्वाराबरोबर जातो असं धरायचं. सेनापतीपासून पलटण फूटभर लांब असेल तर एक खेळी, दोन फूट असेल तर दोन. तेवढा वेळ झाला की बाबूराव चिठ्ठी उघडून मोठ्यानं वाचतात आणि त्यात जे असेल ते करावंच लागतं. दरम्यान रणांगण बदललं, तुमचं मत बदललं, तरी चिठ्ठी परत मिळत नाही. खऱ्या लढाईत तसंच होतं. एकदा माझी सहावी पलटण माझ्याच हुकुमानं ओढ्यात उभी राहून मेली. मी विनवण्या केल्या तेव्हा बाबूराव म्हणाले होते, "सातबारा झाल्यावर रडून काय उपेग?"

शनिवारी दुपारी जुन्या बाजारातल्या घरी गेलो. हमीदभाई ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. पांढरी दाढी, अंगावर लोकरी जाकीट. मला पाहून उठले.

"या एडिटरसाहेब. पेपर बंद पडला की काय?"

जीव भांड्यात पडला. पुढच्या दहा मिनिटांत त्यांनी मला तीनदा विचारलं की बस कितीची होती. तिसऱ्यांदा मी उत्तर देताना भाभी आत निघून गेल्या.

मग आम्ही टेबलाच्या खोलीत गेलो आणि तिथं गोष्ट वेगळी होती. डबे उघडले, तसा त्यांचा हात सरळ जाऊ लागला. ही पलटण, हा कर्नल, याची बंदूक तुटली तेव्हा सुई लावली. बसची वेळ टिकत नव्हती त्या डोक्यात आठशे शिपाई आपापल्या जागी उभे होते. जेवायला भाभींनी नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, केला होता. शहरात आलात तर नान-खलिया खाल्ल्याशिवाय जाऊ नका, शहागंजच्या बाजूला दुपारी गरम मिळतो. पण घरचा तो घरचा.

जेवताना हमीदभाई म्हणाले, "उद्या पुरी लढाई करू. अर्धी नको. हरलो तरी चालेल."

"करू की."

"नाही, ऐका. आता सगळे मला हो म्हणतात. मी म्हणालो आज जुम्मा, तर हे लोक म्हणतात हो, जुम्मा. नसतो जुम्मा, मला तोंडावरून कळतं. तुम्ही नाही म्हणा. मला कुणीतरी नाही म्हणायला पाहिजे."

मी शब्द दिला.

भाभींनी जाताना दारात सांगितलं, "सुबह ठीक रहते. एकच्या आत संपवा. दोन वाजले की नाय होत त्यांना." आयुष्यभर मी मजकूर वेळेत पाठवायचं काम केलं. आठ खेळ्यांचा डाव, अर्ध्या तासाची एक खेळी. नऊला सुरू केलं तर एकला पूर्ण होतो.

रविवारी पावणेनऊलाच बाबूराव फुलंब्रीच्या बसनं हजर झाले होते. धोतर नवं, हातात पेरूंची पिशवी.

"लई म्हातारे दिसायलात की संपादक," ते मला म्हणाले.

"तुम्ही कुठं तरुण राहिलात?"

"म्या तलाठी हाय. आमचं वय आमीच लिव्हतो."

हमीदभाई खळखळून हसले. डाव मांडला. त्यांच्याकडे ऑस्ट्रिया, माझ्याकडे प्रशिया. मधोमध ओढा, त्याला एकच उतार, म्हणजे पायी ओलांडायची जागा. माझ्या डाव्या हाताला टेकडी, तिच्यावर मी चार तोफा ठेवल्या. तिथून तो उतार बरोबर माऱ्यात येत होता. हमीदभाईंचं पायदळ उताराच्या पलीकडे. त्यांचं घोडदळ मात्र ओढ्याच्या अलीकडे, स्पंजच्या झाडीमागे. म्हणजे आम्हा तिघांना टेबलावर दिसत होतं, पण माझ्या सैन्याला ते दिसत नाही असं धरायचं. दिसेपर्यंत त्याच्याबद्दल हुकूम लिहायचा नाही, हा नियम.

दुसऱ्या खेळीला मी तोफांसाठी चिठ्ठी लिहिली. तोफा माझ्या सेनापतीपासून दोन फूट, म्हणजे चिठ्ठी चौथ्या खेळीला उघडणार. हमीदभाईंनीही त्याच वेळी घोडदळाची चिठ्ठी दिली, तीही दोन फुटांवरची. लिहिताना ते बराच वेळ टेबलाकडे पाहत होते आणि ओठ हलत होते. तिसरी खेळी छान झाली. त्यांनी ओढ्यापलीकडून गोळीबार करून माझ्या उजव्या बगलेची एक पलटण मागे रेटली आणि चकमकीचा निकाल ठरवणारे फासे पडल्यावर टेबलावर थाप मारली. मला वाटलं, भाभींनी उगाच घाबरवलं.

चौथ्या खेळीला बाबूरावांनी त्यांची चिठ्ठी उघडली. "घोडदळानं सरळ टेकडीवर चाल करावी. थांबू नये."

हमीदभाई म्हणाले, "हे कुणी लिहिलं?"

बाबूरावांनी चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली.

"तुमचंच अक्षर हाय सर," बाबूराव हळूच म्हणाले.

त्यांनी चिठ्ठी घेतली, चष्मा कपाळावर ढकलून डोळ्यांजवळ धरली. "अक्षर माझं आहे. मी नाही लिहिलं. तोफांवर सरळ घोडे? गाढव लिहील असं." मग ते भिंतीकडे बघत उभे राहिले. हात जाकिटाच्या बटणावर गेला आणि एकच बटण लावत-काढत राहिला. तासाभरापूर्वीचा स्वतःचा हुकूम त्या माणसाच्या हातात होता आणि तो देणारा कोण हे त्यांना सापडत नव्हतं.

नियमाप्रमाणे घोडदळ निघालं. बाबूरावांनीच ते टेप लावून टेकडीच्या पायथ्याशी सरकवलं. आता माझी चिठ्ठी. तिच्यात मी लिहिलं होतं, "टेकडीवरच थांबा. समोर जे येईल त्याच्यावर छर्रे मारा." बाबूरावांनी ती उघडली, मनात वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. चार तोफांचे छर्रे इतक्या जवळून म्हणजे घोडदळ संपलं. ते हमीदभाईंनी हातानं टेबलावरून उचलून डब्यात ठेवायचं, कारण मेलेले ज्याचे त्यानं उचलायचे ही आमची रीत.

मी बाबूरावांकडे पाहून मान हलवली. नको.

त्या माणसानं चाळीस वर्षांत एक चिठ्ठी चुकीची वाचली नव्हती. ते खाकरले आणि म्हणाले, "तोफा मागं घ्या."

मी माझ्या तोफा टेकडीमागे नेल्या. घोडदळ रिकाम्या टेकडीवर चढलं. "वा हमीदभाई," मी म्हणालो, "मारली तुम्ही टेकडी." आवाज माझा मलाच खोटा वाटला. लहान मुलाशी बोलतात तसा.

हमीदभाई टेबलाशी परत आले. वाकून टेकडी पाहिली, मग उतार, मग स्वतःचं पायदळ. बोटानं हवेत एक रेघ काढली. आम्हाला वाटलं, खूश झाले.

"तोफा मागं का घेतल्या?" त्यांनी विचारलं.

"हुकूम तसा होता."

"हुकूम दुसऱ्या खेळीचा. दुसऱ्या खेळीला माझे घोडे झाडीमागे होते, तुमच्या लोकांना दिसत नव्हते. मग मागं कुणाला भिऊन घेतल्या?"

हमीदभाईंनी बाबूरावांपुढे हात केला. बाबूरावांनी चिठ्ठी दिली. ती त्यांनी दोनदा वाचली, घडी घातली आणि टेबलाच्या कडेवर ठेवली.

"घोडे मरायलाच पाठवले होते," ते म्हणाले. "आता दिसलं मला. तोफ एका खेळीत एकदाच डागता येते. चारी तोफा घोड्यांवर डागल्या असत्या की तेवढ्यात माझं पायदळ ओढा उतरलं असतं. लिहिलेलं आठवत नाही, पण हे माझंच डोकं आहे. बघा ना, पायदळ बरोबर उतारावर आणून ठेवलंय."

खरंच ठेवलं होतं. मी ते पाहिलंच नव्हतं. मी टेबलाकडे पाहत नव्हतो, त्यांच्या बटणाकडे पाहत होतो.

"मग जिंकला असता तुम्ही," मी म्हणालो.

"काय माहीत? तेच तर बघायचं होतं." मग ते माझ्याकडे वळले, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला अरे-तुरे केलं. "तू पण हो म्हणालास रे."

त्यांनी कपाळावरचा चष्मा काढून खिशात ठेवला आणि ओट्यावर जाऊन बसले. साडेदहा वाजले होते. वेळ भरपूर होता.

मी बाहेर जाऊन माफी मागितली. पुन्हा चौथ्या खेळीपासून मांडू म्हणालो. ते रस्त्याकडे बघत होते. भाभींनी चहा आणला, तो तसाच थंड झाला. बाबूराव आत स्टुलावर बसून होते. ते पेरू चिरत राहिले आणि कुणीच पेरू खाल्ले नाहीत. साडेअकराच्या सुमारास हमीदभाईंनी मान वळवून मला पाहिलं आणि चेहरा उजळला.

"या एडिटरसाहेब! कधी आलात? बस कितीची होती?"

मी म्हणालो, सहाची.

"मग मांडायचा का डाव?"

मांडला. तेच टेबल, तीच टेकडी. त्यांनी पोपटी बाह्यांची पलटण उचलली, माझ्या निळ्यांच्या शेजारी नेऊन ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं, बरोबर आहे ना अशा नजरेनं. मी नाही म्हणालो. या वेळी म्हणालो. त्यांनी ती उचलून ओढ्यात ठेवली. मग माझी एक तोफ घेऊन तिचं चाक बोटानं फिरवत बसले. सकाळी जो माणूस माझा खोटेपणा नियमाच्या हिशेबानं पकडत होता, तो परत आला नाही. मी दोनपर्यंत वाट पाहिली.

त्या दुपारी बाबूराव आणि मी गुलमंडीपर्यंत चालत गेलो. गुलमंडीची इमरती प्रसिद्ध आहे, ताजी निघते, जरूर खा. आम्ही घेतली. बाबूरावांनी एक तुकडा मोडून हातातच ठेवला.

"तुम्ही मान हलवली म्हणून खोटं वाचलं," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"पर हलवली नसती, तरीबी तसंच वाचलं असतं का काय, ते मला समजंना झालंय."

सोमवारी सकाळी निघण्याआधी पुन्हा जुन्या बाजारात गेलो. भाभी म्हणाल्या होत्या सकाळी ठीक असतात, म्हणून पिशवीत फासे घेऊन गेलो. सुतार आधीच आला होता. फळे सुटे करून भिंतीला लावले होते. शिपाई कागदात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यांत गेले होते आणि डबे माळ्यावर. हमीदभाई पलंग जोडणाऱ्या सुताराला मदत करत होते, म्हणजे त्याला एकेक स्क्रू देत होते. मला त्यांनी नम्रपणे बसायला सांगितलं. साहेब म्हणाले. एडिटरसाहेब नाही, नुसतं साहेब.

भाभी दारापर्यंत आल्या. "कल बहुत खुश थे," त्या म्हणाल्या. काल काय झालं ते त्यांना आम्ही सांगितलं नव्हतं. मी हो म्हणालो.

परतीला दुपारची दीडची गाडी घेतली. रस्ता तोच, वाळूजला गर्दी तशीच. पुण्यात शिरताना वाघोलीपासून तासभर धरून चाला.

घरी येऊन तीन आठवडे झाले. हा खेळ करून पाहायचा असेल तर महागडे शिपाई लागत नाहीत. पुठ्ठ्याचे कापलेले चालतात, दोन फासे, शिंप्याची टेप, आणि चिठ्ठ्या सांभाळणारा एक प्रामाणिक माणूस. एवढं सांगणं माझं काम आहे, म्हणून सांगितलं. पण समोर कुणी म्हातारा, कुणी आजारी बसला असेल, तर तोफ डागा. त्याला हरवायचा प्रयत्न करा. त्याचा डाव त्याचा असू द्या. मी एका माणसाला त्याच्या शुद्धीतल्या शेवटच्या तासात एकटं पाडलं. ते प्रेमानं केलं हे खरं आहे, आणि त्यानं काहीच बदलत नाही.

परवा बाबूरावांचा फोन आला. त्यांच्याकडे सगळ्या लढायांची एक वही आहे, प्रत्येक डावापुढे निकाल लिहिलेला. या डावाचा राहिला होता.

"हमीदभाई जिंकले असं लिहा," मी म्हणालो.

"नाय. तसं झालं नाय."

"मग मी हरलो असं लिहा."

"ते बी तेच झालं की. लिव्हलंय म्या. पंचानं चिठ्ठी खोटी वाचली, डाव रद्द."

"बाबूराव, मान मी हलवली होती. माझं नाव लिहा."

"वाचली म्या," ते म्हणाले. "काल गेलतो त्यांच्याकडं. डबा काढून दावला. इचारत होते, ही खेळणी कोणाच्या पोराची."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"म्हणलं, तुमची हायेत सर. तर नाय म्हणाले."